राहून गेलेलं ‘नाहीतर’

उखर्डू मामा वारले ते जळगावात, योगेंद्रच्या लग्नात, वरण-बट्टीची पहिली पंगत बसायच्या जरा आधी. प्रकृती ठणठणीत होती. वारले त्या वेळी ते पहिल्या रांगेत सोफ्यासमोर उभे होते, टॉवेल-टोपीचा मान घ्यायला दोन्ही हात मोकळे ठेवून. लाऊडस्पीकरवर बाईचा आवाज आला, "कैलासवासी उखर्डू पुना पाटील, वरणगाव," आणि मामा गेले.

त्यांना मारणारा इसम म्हणजे त्यांचा सख्खा भाचा स्वप्नील. तो तेव्हा मांडवामागे आचाऱ्यापाशी उभा राहून बट्टी तुपात नीट बुडली की नाही हे स्वतः खाऊन तपासत होता.

आता हे कसं घडलं ते सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते खरं वाटणार नाही. खानदेशातलं लग्न नवऱ्याशिवाय तासभर निभावता येतं, नवरीशिवायही येतं, माइकशिवाय येत नाही. मुहूर्तापूर्वी घराण्यातल्या आणि गावातल्या झाडून सगळ्या मोठ्या माणसांची नावं माइकवरून पुकारायची, एकेकाला पुढे बोलवायचं, टॉवेल-टोपी द्यायची, फोटो काढायचा. आधी गेलेल्यांची नावं, मग असलेल्यांची. आणि भांडणं सगळी असलेल्यांच्या क्रमावरून. अमक्याचं नाव तमक्याच्या आधी का घेतलं, एवढ्यावरून स्वप्नीलच्या घराण्यात दोन चुलत भावांनी सामाईक विहिरीच्या मधोमध भिंत घालायचा घाट घातला होता.

स्वप्नील जळगावात केळीच्या वेफर्सवाल्यांना बिलांचं सॉफ्टवेअर करून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत कामाला. त्याने सुचवलं, नावं माणसाने पुकारायचीच नाहीत. संगणकात भरायची, वयाप्रमाणे लावायची, आणि संगणकानेच बोलायची. मशीनवर कोण रुसणार? त्याचे काका, घराण्यातले कर्ते जीवराम आबा, यांना ते पटलं. योगेंद्र त्यांचाच मुलगा. त्यांनी मशीनला नारळ फोडला.

मशीनने पहिलं नाव घेतलं, "कैलासवासी अभिमन पाटील." हे स्वप्नीलचे आजोबा, रीतसर वारलेले. मांडव उभा राहिला, बँडवाल्यांनी टोप्या काढल्या. पुढचं नाव वयाने सगळ्यात ज्येष्ठ म्हणून मामांचं. त्यांनाही कैलासवासी. मग त्याच्या पुढच्यालाही. मग सगळ्यांनाच. खानदेशी माणूस शिस्तीचा. एकदा उभा राहिला की कुणी बसा म्हटल्याशिवाय बसत नाही. अख्खा मांडव उभ्याने स्वतःची नावं ऐकत होता. सरतेशेवटी मशीनने त्याच गोड आवाजात पुकारलं, "कैलासवासी चिरंजीव योगेंद्र जीवराम पाटील," आणि नवरदेवाने घोड्यावरूनच हात जोडले.

बाकीच्यांनी ते हसण्यावारी नेलं. मामांनी नेलं नाही. नंतर ते एवढंच म्हणाले, "बाकीचे गर्दीत गेले. मी एकटा गेलो."

आणि ते तडक वरणगावला निघून गेले. त्या दिवसापासून ते मेलेलेच होते. फोन केला तर सुमनबाई मामी उचलायच्या आणि म्हणायच्या, "हे वारलेत ना. काय निरोप आहे? सांगते त्यांना."

एवढ्यावर भागलं असतं, तर घराण्याने एक जिवंत मयत सहज सांभाळला असता. त्याहून अवघड माणसं सांभाळली होती. पण धुळ्याला स्वप्नीलच्या बहिणीचं, पुनमचं लग्न ठरलं. आणि बोहल्यावर मुलीच्या पाठीशी उभा राहतो तो मामा. पुनमला मामा एकच.

स्वप्नीलची आई प्रमिलाबाई पत्रिकेचं पाकीट त्याच्या हातात देऊन म्हणाली, "माझा भाऊ तू घालवलास. तूच आण."

"आई, ते जिवंत आहेत."

"ते त्यांना सांग."

पुनम आतून ओरडली, "मामा नसतील तर मी मांडवात पाय ठेवणार नाही! माझ्या पाठीमागे काय तुझा लॅपटॉप उभा करणार का?"

रविवारी स्वप्नील वरणगावला गेला. घरात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर मामांचा मोठा फोटो, फोटोला चंदनाचा हार, खाली उदबत्ती. आणि फोटोच्या बरोबर खाली खुर्चीत मामा, केळीचे वेफर्स खात बसलेले.

"नमस्कार करतो, मामा."

मामांनी वेफरनेच वर बोट दाखवलं. "तिकडे कर."

स्वप्नीलने फोटोला नमस्कार केला. मामांनी खालून आशीर्वाद दिला.

मामी चहा घेऊन आल्या. एक कप स्वप्नीलला दिला, दुसरा फोटोसमोर ठेवला. थोडा वेळ जाऊ दिला, मग मामांनी हात लांब करून तो उचलला. दोघांच्या हालचालीत रोजचा सराव होता.

"मामा, पुनमच्या लग्नाला तुम्ही..."

"मयत माणूस बोहल्यामागे उभा राहतो, असं कुठल्या शास्त्रात आहे?"

"पण तुम्ही तर..."

"अख्ख्या मांडवासमोर मेलो मी. आता तू मला खोलीत जिवंत करतोस? दार लावून?" मामा आयुष्यभर वरणगावच्या फॅक्टरीत माल तपासायच्या टेबलावर बसले होते, त्यामुळे त्यांचा राग कधी आरडाओरड करायचा नाही, नियम सांगायचा. "आमच्याकडे ज्या टेबलावर माल रिजेक्ट झाला त्याच टेबलावर पास व्हावा लागायचा. साहेबाच्या घरी नाही."

"मग मी स्वतः माइकवर सांगतो."

"तू भाचा. तू आईच्या धाकाने काहीही सांगशील. मशीनने मारलं, मशीन बोलेल."

"बरं. मशीन तुम्हाला श्री. म्हणेल."

"नुसतं श्री. नको." मामांनी वेफर्सची पिशवी बाजूला ठेवली. "नुसतं श्री. म्हटलं की झालं-गेलं काहीच नाही, असा अर्थ निघतो. झालंय. शेजारच्याने माझ्या घरी येऊन टोपी काढली होती. जे झालं ते दिसलं पाहिजे, आणि ते संपलं हेही दिसलं पाहिजे."

स्वप्नीलने पत्रिकेचं पाकीट पुढे केलं.

"येईन मी धुळ्याला," मामा म्हणाले. "पण मांडवात नाही. बाहेर गाडीत बसेन, काच खाली करून. माइकवरून जिवंत झालो तर उतरेन. नाही झालो तर गाडी तशीच वळेल. आणि ऐक. ह्या वेळी परत मेलो तर कायमचा."

मामींनी उदबत्ती बदलली.

सोमवारी ऑफिसात स्वप्नीलने जुना प्रोग्रॅम धम्मपालला दाखवला. धम्मपाल म्हणजे शेजारच्या टेबलावरचा मित्र. लोक लग्नात नवऱ्याचं घर बघतात, धम्मपाल दुसऱ्याचा कोड बघायचा: नळ उघडून, भिंतीवर टकटक करून. तो बराच वेळ पडदा खाली सरकवत राहिला.

"किती जण होते यादीत?"

"बरेच."

"मग हा खून नाही. हत्याकांड आहे."

"चूक कुठे आहे ते सांग ना."

"ही बघ. वर तू एक डबा ठेवलास, त्याचं नाव बिरूद. त्यात टाकलंस श्री. मग एकेक नाव घेत गेलास. जर माणूस गेलेला असेल, तर डब्यात कैलासवासी टाक. बरोबर?"

"बरोबर."

"आणि गेलेला नसेल तर?"

स्वप्नीलने पाहिलं. तिथे काही नव्हतं. ‘जर’ होतं, ‘तर’ होतं, ‘नाहीतर’ लिहायचं राहून गेलं होतं. आजोबांसाठी डब्यात कैलासवासी पडलं ते पडलं, पुन्हा बाहेर काढायला कुणी गेलंच नाही. मामा आले, त्याच डब्यातलं त्यांच्या कपाळी लागलं. अक्षरशः आजोबांचं मरण वारशाने मिळालं.

"म्हणजे एक ओळ घातली की झालं," स्वप्नील म्हणाला.

"आज झालं. उद्या दुसरा डबा. तुझ्याकडे असे डबे अजून बरेच आहेत. हा ‘कोणाचा_हार’ नावाचा डबा चार ठिकाणांहून बदलतो. लग्नघरातल्या मिठाच्या बरणीसारखं आहे हे, येणारा जाणारा हात घालतो आणि आमटी खारट झाल्यावर कुणीच घातलेलं नसतं." धम्मपालने खुर्ची ओढली. "तू दुसऱ्या भाषेत लिही. ओकॅमल."

"म्हणजे?"

"फंक्शनल भाषा आहे. तिच्या चिन्हावर उंट असतो."

"उंट?"

"धुळ्याच्या मे महिन्यात लग्न आहे. दुसरा कुठला प्राणी टिकेल?"

मग धम्मपालने त्याला जे सांगितलं ते असं. माणसं दोन प्रकारची असतात. एकाला बाजारात पाठवलं की तो दोन तासांनी घाम पुसत येतो आणि म्हणतो, जाऊन आलो. पिशवी रिकामी. दुसरा येतो तो हातात काहीतरी घेऊन येतो, मेथी नसेल तर पालक, पण रिकामा येत नाही. स्वप्नीलचा जुना प्रोग्रॅम पहिल्या प्रकारच्या ओळींनी भरलेला होता. प्रत्येक ओळ धावपळ करायची, डब्यांची उलथापालथ करायची, आणि शेवटी कुणाच्याच हातात काही नाही. ह्या भाषेत जवळजवळ प्रत्येक ओळीला विचारतात, तू काय आणलंस? ‘जर’सुद्धा बाजारातून काहीतरी घेऊन येतं. त्याने बिरूद आणायचं कबूल केलं, तर दोन्ही वाटांनी आणलंच पाहिजे, गेलेल्यासाठीही आणि असलेल्यासाठीही. ‘नाहीतर’ गाळलं तर भाषा दारातच अडवते. प्रोग्रॅम तयारच होत नाही.

"आणि डबे?"

"डबे नाहीत. नाव ठेवलं की ठेवलं. बारसं झाल्यावर पोराचं नाव दर पाच मिनिटांनी बदलतोस का?"

"आमच्या जीवराम आबांनी बदललं होतं."

"त्यांना ह्या भाषेत काम देऊ नकोस."

स्वप्नील लिहायला बसला. पहिले काही दिवस त्याचं आणि उंटाचं जमेना. त्याला सवय अशी की आधी काहीतरी करून ठेवायचं, मग निस्तरायचं. इथे निस्तरायला जागाच नव्हती. पण हळूहळू काहीतरी सुटत गेलं. बिरूद ठरवणारं काम एक, ते माणूस घ्यायचं आणि बिरूद द्यायचं, बस. हार कुठे घालायचा हे ठरवणारं काम वेगळं. क्रम लावणारं वेगळं. एकाचं दुसऱ्याच्या ताटात बोट नाही. जुना प्रोग्रॅम वाचताना पडदा सरकवून बोट दुखायचं, नवा एका नजरेत मावायला लागला. स्वप्नील तो मोठ्याने वाचायचा आणि वाचून झाल्यावर आपलाच आपल्याला चहा सांगायचा.

मामांचा प्रश्न मात्र तसाच होता. माणूस एकतर हयात, नाहीतर कैलासवासी. मामा दोन्हींत बसेनात. हयात म्हणावं तर झालेलं पुसलं जातं, कैलासवासी म्हणावं तर गाडी वळते.

"मग तिसरा प्रकार कर," धम्मपाल म्हणाला. "जाहीरपणे वारून परत आलेला. जग तसं आहे तर तसंच लिही ना. कशाला मामांना चिमटीत धरून दुसऱ्याच्या चपलेत घालतोस?"

स्वप्नीलने तिसरा प्रकार केला. नाव ठेवलं ‘परतलेला’. आणि तो आत येण्यासाठी अट घातली: कुठल्या लग्नात वारला ते सांगितल्याशिवाय कुणाला परतलेला होता येणार नाही. नाहीतर उद्या हौशी लोक रांग लावतील.

प्रोग्रॅम तयार झाला. एकही तक्रार नाही. स्वप्नीलने टाळी वाजवली. धम्मपालने पडद्याकडे बघितलं आणि टाळी हवेतच थांबवली.

"हार कुठे घालायचा तिथे काय लिहिलंयस? हयात असेल तर गळ्यात. आणि खाली हे आडवं अधोरेखन काय आहे?"

"ते म्हणजे इतर सर्व. इतर सर्वांचा हार फोटोला."

"आणि मामा कशात मोडतात?"

स्वप्नीलने मनात मामांना हळूहळू त्या वाटेवरून चालवलं. मामा हयात प्रकारात नाहीत, म्हणून पहिल्या ओळीने त्यांना घेतलं नाही. दुसऱ्या ओळीने प्रेमाने आत घेतलं. इतर सर्व. हार फोटोला.

"अरे देवा."

"माइकवाले शेवटी म्हणतात ना, ‘आणि इतर मान्यवर’. त्यात कधी कुणी खूश झालेला पाहिलास? काढ ते अधोरेखन. नावानिशी लिही सगळं."

स्वप्नीलने अधोरेखन काढून ‘कैलासवासी’ असं स्पष्ट लिहिलं. आणि त्याबरोबर उंट उठून उभा राहिला. इंग्रजीत, पण सरळ शब्दांत भाषेने कळवलं की सगळ्या शक्यता इथे आलेल्या नाहीत, आणि राहून गेलेल्या शक्यतेचं एक उदाहरण खाली देत आहोत. खाली एकच शब्द होता: परतलेला.

स्वप्नील त्या शब्दाकडे बघत राहिला. अख्ख्या घराण्यात त्याला आजवर असं कुणी बोललं नव्हतं. घराण्याची पद्धत अशी की राहिलेला माणूस स्वतः रुसून निघून जायचा, तेव्हा कळायचं की राहिला. इथे आधीच, थंड डोक्याने, नाव घेऊन सांगत होते: तुमचे मामा राहिलेत.

तो एकेका ठिकाणी जाऊन उत्तर देत गेला. परतलेल्याचा हार? गळ्यात. परतलेल्याची बसायची जागा? पहिली रांग. परतलेल्याचं बिरूद? इथे तो अडला. भाषा थांबून होती, तिला घाई नव्हती. त्याने धम्मपालला विचारलं, धम्मपाल म्हणाला हे मला नको विचारू, मला मामा नाहीत. शेवटी पुनमला फोन लावला.

"जो गेला असं सगळ्यांना वाटलं, आणि तो समोर येऊन उभा राहिला, त्याला काय म्हणशील?"

"भूत."

"चांगलं सांग."

पुनम म्हणाली, "आई म्हणते ना, साक्षात समोर उभा राहिला, तसं."

स्वप्नीलने लिहिलं: साक्षात. उंट खाली बसला.

लग्न धुळ्याला, हायवेलगतच्या एका लॉन्सवर. सकाळपासून ऊन असं की मांडवाचे खांबही सावली शोधत होते. प्रवेशद्वाराबाहेर लिंबाखाली पांढरी गाडी, मागच्या सीटवर मामा, काच खाली, चेहरा सरळ समोर. शेजारी मामी, मांडीवर कापडी पिशवी. पाहुणे येताना गाडीजवळ थबकायचे, वाकून बघायचे, मामांना हात करायचे. मामा कुणालाही हात करत नव्हते. अजून त्यांना अधिकार नव्हता.

प्रमिलाबाई मांडवातून तिसऱ्यांदा बाहेर येऊन भावाला बघून गेली. तिने त्यांच्यासाठी पन्हं पाठवलं, तर ग्लास परत आला. सोबत निरोप: नंतर.

स्वप्नील स्टेजच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला. बँडवाले तेच होते, योगेंद्रच्या लग्नातले, आणि त्यांनी टोप्या आधीच काढून ठेवल्या होत्या. सुरू करणार, एवढ्यात जीवराम आबा घामाघूम होऊन आले.

"स्वप्नील, थांब! भावी नगरसेवक येल शेतस. त्यास्नं नाव बी घे."

"आबा, आता?"

"आते म्हंजे आतेच. तिकडे खुर्चीवर बठेल शेतस. वरथून चिकटाडी दे नुस्तं, काय लागस त्याले?"

वरून चिकटवून देणं. हेच जुन्या प्रोग्रॅममध्ये स्वप्नीलने केलं असतं: एक डबा आणला असता, त्यात ‘भावी’ टाकलं असतं, आणि मग तो मांडवातल्या प्रत्येकाला भावी करत सुटला असता. त्याच्या बोटांना तशी खाजही आली, कारण ओकॅमलमध्येही हट्ट धरला तर डबा मिळतो, फक्त तो मागून घ्यावा लागतो. समोर घड्याळ. बाहेर गाडी. भटजींनी दुसऱ्यांदा खाकरून दाखवलं.

धम्मपाल पाहुणा म्हणून आला होता. तो पाठीमागून हळूच म्हणाला, "मागू नकोस."

स्वप्नीलने नाही मागितला. पदांच्या प्रकारांत आजी आणि माजी होते, तिथे ‘भावी’ लिहिलं आणि प्रोग्रॅम बांधायला, म्हणजे भाषेकडून तपासून तयार करून घ्यायला, सोडला. तो बांधला गेला नाही. तक्रार आली.

"काय म्हनी ऱ्हायनं ते?" आबांनी चष्मा वर केला.

"विचारतंय, आबा. एक शक्यता राहिली म्हणतंय."

"कोनती?"

"भावी कैलासवासी."

आबांनी खुर्चीवर बसलेल्या भावी नगरसेवकांकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग फार शांतपणे म्हणाले, "ते तं आपन बठ्ठाच शेतस."

"हो, सगळेच आहोत, पण माइकवर काय म्हणायचं?"

"वारना म्हंजे भावी काढी टाक. वर कोठे निवडणूक ऱ्हास?"

स्वप्नीलने तसं लिहिलं. भाषेने पुढचं विचारलं: भावी, पण परतलेला? आबा म्हणाले, तो तर निवडूनच आला समज. स्वप्नीलने तेही लिहिलं. एकेक उत्तर मिळालं तसा प्रत्येक रिकामा कोपरा भरत गेला, आणि मजा अशी की मामांच्या ओळीला कुणी हातही लावला नव्हता. ती जिथे होती तिथे, जशी होती तशी उभी होती. बाजूने अख्खा भावी नगरसेवक आत आला तरी तिला धक्का लागला नाही. स्वप्नीलने पुन्हा बांधायला सोडला. पडदा काहीही बोलला नाही. ओकॅमलची शाबासकी अशीच असते.

त्याने कळ दाबली.

"कैलासवासी अभिमन पाटील," लाऊडस्पीकरमधून तोच बाईचा आवाज आला. मांडव उभा राहिला. बाहेर गाडीत मामींनी मामांचा हात धरला. पुनम आतल्या खोलीच्या दारात मुंडावळ्या सावरत उभी.

आणि मग, त्याच सुरात, त्याच ठिकाणी जिथे मागच्या वेळी जीव गेला होता:

"साक्षात उखर्डू पुना पाटील, वरणगाव."

मांडवाला क्षणभर काय करावं ते कळेना. उभं राहावं की बसावं? श्रद्धांजली की टाळी? मग मागच्या रांगेतून कुणीतरी आरोळी ठोकली, "उखर्डू नाना आले!" आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. बाहेर गाडीचं दार उघडलं. मामा उतरले. धोतर झटकलं, टोपी सरळ केली, आणि ज्या चालीने फॅक्टरीत तपासणीच्या दिवशी साहेब चालत, त्या चालीने ते मांडवात आले. वाटेत उभे असलेल्या प्रत्येकाला त्यांनी हात केला. दोन वर्षांचे हात साचले होते, सगळे केले.

मशीन पुढे बोलत होतं. योगेंद्रच्या लग्नात जे जे गेले होते ते ते एकेक करून परत येत होते. साक्षात. साक्षात. प्रत्येक नावाला टाळी, प्रत्येक नावाला हार, थेट गळ्यात. "साक्षात चिरंजीव योगेंद्र जीवराम पाटील," म्हटल्यावर योगेंद्रने बायकोसकट उठून सलाम केला. बायको आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. भावी नगरसेवक श्री. भावी म्हणून आले आणि कुणाच्या लक्षातही आले नाहीत.

जीवराम आबा लॅपटॉपशी आले. आवाज अगदी खाली.

"माले बी लाव ना ते साक्षात."

"आबा, तुम्ही कधी वारलाच नाहीत. त्या दिवशी यजमान म्हणून तुमचं नाव यादीत नव्हतं."

"मंग?"

"मग होत नाही. कुठल्या लग्नात वारलात ते सांगितल्याशिवाय मशीन घेत नाही."

आबांनी थोडा विचार केला. "पुढला लगनले मारी टाक माले," ते म्हणाले आणि आचाऱ्याकडे गेले.

मामा स्टेजवर आले. टॉवेल-टोपी घेतली, फोटो काढला. मग प्रमिलाबाईने पन्ह्याचा तोच ग्लास पुढे केला आणि त्यांनी तो कुठल्याही फोटोसमोर न ठेवता सरळ प्यायला. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "दादा, वाळलास किती रे." मामा वाळले नव्हते. वेफर्सनी चांगले भरले होते. पण कुणी दुरुस्ती केली नाही.

"पास," मामा स्वप्नीलला म्हणाले.

"मामा..."

"मशीनला म्हणतोय. तुझं अजून तपासतोय." मग त्यांनी हात पुढे केला. "ज्याने मारलं ते कुठे आहे?"

स्वप्नीलने खिशातून पेनड्राइव्ह काढला. जुना प्रोग्रॅम, सगळ्या डब्यांसकट, त्यातच होता. मामांनी तो तळहातावर घेऊन सगळ्या बाजूंनी बघितला. मामींनी कापडी पिशवीतून चंदनाचा हार काढला. तोच, भिंतीवरचा. मामांनी पेनड्राइव्ह स्टेजच्या टेबलावर, गणपतीपासून जरा लांब ठेवला, आणि त्यावर हार घातला. पेनड्राइव्ह दिसेनासा झाला.

बँडवाल्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी मान हलवली. बँडवाल्यांनी टाळ्यांच्या वेळी चढवलेल्या टोप्या पुन्हा काढल्या. मांडव पुन्हा उभा राहिला. कशासाठी ते बहुतेकांना ठाऊक नव्हतं, पण उभा राहिला, आणि गप्प राहिला. धम्मपालनेसुद्धा हात जोडले.

"मामा!" आतून पुनमचा आवाज आला. "मुहूर्त टळतोय! जिवंत झालात ना? मग या की!"

मामांनी टोपी पुन्हा एकदा सरळ केली आणि भाचीच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी बँडवाल्यांकडे बघून फर्मावलं, "मेलात का रे? वाजवा!"